आठ मॉली आणि एक स्पंज

भूमला नळ दहा दिवसांनी येतो. शिवलीलाने माशांची टाकी घेतली ती हे पुरते ध्यानात ठेवूनच. येरमाळ्याला माहेरी ती बारावीपर्यंत शास्त्र शिकली होती. ते वापरायची संधी सासरी सात वर्षांत हीच पहिली. सासऱ्यांनी, शिवलिंगप्पांनी, परवानगी दिली, पण अट घालून.

"घरात लिंगपूजा हाय. एक जरी मासा मेला, तर त्याच दिशी टाकी बाहेर."

म्हणून फिल्टर निवडायला तिने महिना घेतला. बार्शीच्या दुकानदाराने काठावर लटकवायचा फिल्टर पुढे केला. त्याची गाळणी दर महिन्याला फेकून नवी घालावी लागते, हे कळताच तिने तो बाजूला सारला. पाण्यात बुडवायचा पंपही नको. वीज गेल्यावर तो तासन्तास चालवणे घरच्या छोट्या इन्व्हर्टरला पेलणारे नव्हते. अखेर तिने हवेच्या छोट्या पंपावर चालणारा काळा स्पंज घेतला. माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारे विष त्याच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू पचवतात. ते वाढावेत म्हणून टाकी पाच आठवडे माशांविना चालवली, रोज चिमूटभर खाद्य टाकून.

"सून रिकाम्या पाण्याला जेवू घालती," सासू इरम्मा शेजारणींना सांगत. "आमच्या ताटात मीठ टाकायचं मात्र इसरती."

सहाव्या आठवड्यात आठ मॉली आल्या. भूमचे क्षारयुक्त जड पाणी त्यांना मानवते, हेही तिने आधी तपासले होते. चौदा महिन्यांत एकही मेली नाही.

इरम्मांकडे न गाळलेले पाणी कुणी पीत नसे. नळाला फडके बांधायचे, पाणी भरून झाले की ते धुऊन वाळत घालायचे, हा त्यांचा नेम. श्रावणात त्यांनी फडक्याबरोबर स्पंजही नळाखाली पिळला. गाळणे ते गाळणे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वासू लागले. त्या दिवशी पिंपे भरलेली होती, म्हणून निभावले. शिवलीलाने खाद्य बंद ठेवले, रोज बादलीभर पाणी बदलले आणि आठही वाचवले.

मग ती सासूजवळ जाऊन बसली.

"आत्या, ही तपकिरी बुळबुळ घाण न्हाय, जिती हाय. टाकीतल्याच पाण्यात हलकी खंगाळायची. उकळतं पाणी लागलं की ती मरती, अन् चार दिसांत मासे."

इरम्मांनी निवडायचे तांदूळ खाली ठेवले. "चार दिसांत?"

"व्हय."

"अन् तवा बदलायला पाणी नसलं तर?"

"मग काहीच करता येत न्हाय."

प्रश्न इतके नेमके होते की शिवलीला सुखावली. सासूने तिला काही विचारावे, असे आठ वर्षांत प्रथमच घडत होते.

दिवाळीनंतर ती चार दिवस येरमाळ्याला गेली. परतली तेव्हा स्पंज टाकीतच होता, दुकानात होता तसा काळाभोर, तपकिरी बुळबुळ पार गेलेली. धुण्याच्या सोड्याचा वास त्याला अजून होता. मॉली वर येऊन तोंडे वासत होत्या.

"आत्या, दोन बादल्या पाणी द्या."

"पूजेचं अन् प्यायचं हाय ते. नळाला सात दिस हायेत अजून."

तिने नवऱ्याला विकतचा जार आणायला सांगितले. गौरीशंकर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आईच्या मनाइरुद्ध मी टाकी जगवणार न्हाय. मला ह्या घरात राहायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मॉली तळाशी पडली. शिवलिंगप्पा पूजा आटोपून आले.

"मामा, सात जित्या हायेत," शिवलीला म्हणाली.

"अट एकाची व्हती."

टाकी अंगणात आली. पाणी जास्वंदीला गेले, सात मॉली एका बादलीत. इरम्मांनी काच पुसून कोरडी केली आणि फडके झटकले.

"तूच समजावून सांगितलंस, बाई. न्हाय तर माझ्यासारख्या अडाणीला काय कळणार व्हतं?"

 शिवलीला बादलीपाशी उकिडवी बसली. एवढ्या पाण्यात, स्पंजाशिवाय, सात मासे किती वेळ तग धरतील, याचे गणित त्या घरात तिला एकटीला येत होते.