दूधभातावर वाढलेली मांजरी

मांजर पाळायचं असेल तर आधी एक गोष्ट ऐका. दूधभातावर मांजर जगत नाही. फार शहाणी आहे म्हणून सांगत नाही, आमच्या घरात एक मांजरी दूधभातावर आंधळी झाली म्हणून सांगते.

घर डोंबिवलीचं, माझ्या सासरचं. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. माझं माहेर ठाण्याला, वर्तकनगरात. मूळचे आम्ही मालवणकडचे. रविवारी ताटात मासळी नसेल तर आमच्याकडे जेवण झालं असं कोणी म्हणत नसे. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातलेली. "घरात मासळी येणार नाही. बाहेर काय खायचं ते खा." मी हो म्हटलं. तेव्हा प्रेमात होते, डोंबलाची अक्कल होती! मग काय, रविवारी माहेरी जायचं, पोटभर खायचं, दोनदा साबणाने हात धुवायचे आणि वेलची चघळत डोंबिवलीला परतायचं. अशी वर्षं गेली.

मांजरी सासूबाईंची. जिन्यात टाकलेलं पिल्लू होतं, डोळेही धड उघडले नव्हते. त्यांनी कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं. मग सकाळी दूधभात, दुपारी दहीभात, रात्री दूधपोळी, वर साजूक तुपाचं बोट. आल्या-गेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमची माळकरी आहे हो." माझी आई एकदा म्हणालेली, "वाघाची मावशी ना ती? आणि पोळी खाते?" आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. आळीत फिरणारी मांजरं लोकांच्या दूधभातावर जगतात असं आपल्याला वाटतं, पण ती बाहेर उंदीर, पाल, पाखरू मारून आपली सोय बघतात. आमची चौथ्या मजल्यावरची. पडू नये म्हणून गॅलरीला जाळी मारलेली. आम्ही पुढ्यात ठेवू तेच तिचं अन्न.

ती स्टुलाला धडकायला लागली तेव्हा वाटलं, वय झालं. पण भर उन्हातही तिची बुबुळं मोठीच्या मोठी, काळीभोर राहायची. जिना चढल्यासारखी धाप लागायची. शेवटी टोपलीत घालून रिक्षाने डॉक्टरकडे नेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासून झाल्यावर विचारलं, "खायला काय देता?" सासूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. त्या बाईंचा चेहराच उतरला.

"आजी, मांजराला एक गोष्ट मांसातूनच मिळते. टॉरिन म्हणतात. ते नाही मिळालं की डोळ्यांचा पडदा जातो, हृदय थकतं. डोळे आता परत येणार नाहीत. हृदय सावरेल कदाचित, पण आजपासून मांस-मासळी सुरू करायला हवी. सोबत औषध देते."

रिक्षात सासूबाईंनी टोपली मांडीवर धरली. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी आंधळी केली तिला." आणि थोड्या वेळाने, "पण घरात शिजणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग काय, मरू दे तिला?" मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. नवरा पेपरात तोंड घालून बसला. तो अशा वेळी तेच करतो.

दुकानातलं मांजरांचं खाणं आणलं. तिने हुंगलं नि तोंड फिरवलं. जन्मभर मऊ भात खाल्लेली, ती कसले कडक दाणे फोडते! त्यात मी एक चूक केली, दूधभात एकदम बंद केला. असं करू नका. जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं लागतं. दोन दिवस ती उपाशी. तिसऱ्या दिवशी मी माहेरून उकडलेला बांगडा स्टीलच्या डब्यात आणला, काटे काढले, भातात कालवून गॅलरीत ठेवला. तिने वाटी चाटून पुसून लख्ख केली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पदर नाकाला होता, पण हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅलरीत जुनी इंडक्शनची शेगडी मांडली आणि मांजरीचं दूध तापवायचं पातेलं माझ्या हातात दिलं. "इथे. ओट्यावर नाही." मला हसावं की रडावं कळेना. मला जे उभ्या जन्मात मिळालं नाही, ते मांजरीने उपास करून मिळवलं!

पण मला नोकरी. दुपारचं कोण भरवणार? थकलेल्या हृदयाच्या जनावराला थोडं थोडं, चार वेळा द्यावं लागतं. म्हणजे सासूबाईच. सकाळी मी उकडून ठेवायची. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विष. काटे काढायला त्या माझ्याकडूनच शिकल्या. चष्मा लावून, तुकडा बोटांत दाबून बघायच्या. "तुमच्याकडची पोरं शिकतात तरी कधी हे?" "पोटात असतानाच," मी म्हटलं. त्या खुदकन हसल्या.

आधी चमच्याने भरवायच्या. मांजरीला चमचा सापडायचा नाही, नाकाला लागायचा, ती दचकायची. मग चमचा गेला, बोटं आली. ज्या बोटांनी सकाळी देवाला गंध लावायच्या, त्याच. आंधळ्या जनावराला हात लावण्याआधी आवाज द्यावा, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. म्हणून त्या आधी म्हणायच्या, "मी आहे गं. सावकाश." मग घास. घरातली खुर्चीसुद्धा त्यांनी कोणाला हलवू दिली नाही, कारण तिला आता सगळं पायांनी पाठ होतं. आषाढी एकादशीला मी भीत भीत विचारलं, "आज काय करायचं?" त्या म्हणाल्या, "उपास माझा आहे, तिचा नाही." शेजारीण एकदा जिन्यात नाक उडवत म्हणाली, "हल्ली तुमच्याकडून वास येतो हो." "येतो," सासूबाई म्हणाल्या. "आमची मांजरी आजारी आहे."

हृदय थोडं सावरलं, पुन्हा थकलं. वर्षभर मिळालं तिला. एका रविवारी सकाळी पातेलं उकळत असतानाच तिने सासूबाईंच्या मांडीवर जीव सोडला. नवऱ्याने सोसायटीच्या मागे, लिंबाखाली तिला पुरलं. सासूबाई खालून वर आल्या, आंघोळ केली आणि देवापुढे न जाता गॅलरीत येऊन बसल्या.

मी पातेलं उचललं, रिकामं करायला.

"टाकू नकोस. अन्न आहे ते."

त्या आत गेल्या. ओट्यावरचं ताट घेऊन आल्या, आमच्या रोजच्या जेवणातलं. त्यात चिमूटभर मीठ.

"बस. तुला आवडतं ना."

मी खाली बसले. त्यांनी पहिला तुकडा घेतला, बोटांत दाबून काटे काढले आणि माझ्या ताटात ठेवला. या घरात बसून मासळी खायची म्हणून मी किती वर्षं मनात कुढले होते. आता तोच घास तोंडात होता. मला हुंदका आला.

"मी आहे गं," त्या म्हणाल्या. "सावकाश." आणि दुसरा तुकडा हातात घेऊन काटे बघू लागल्या.