घोडीचा खोकला आणि काकूच्या दोन बादल्या

माझ्या विज्ञानाच्या पदवीचा घरातला पहिला उपयोग काय झाला, तर काकाजींच्या घोडीचा खोकला वाढला. हे मी आता हसत सांगतो. तेव्हा हसायची सोय नव्हती.

ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी कोंढ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि काका-काकूंकडेच राहत होतो. काकाजींचा उजवा पाय विहिरीच्या कामात मोडला होता, तो पुन्हा नीट बसलाच नाही. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, आसगावच्या वाटेवर. तिथवर ते रोज टांग्यातून जात. घोडी म्हणजेच त्यांचे पाय. ती बसली की काकाजीही ओसरीवर बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मळणी झाली, थंडी पडली आणि घोडी खोकू लागली. मी निदान केलं, सर्दी! मग तिच्या कोठ्याची, म्हणजे गोठ्याची, खिडकी गोणपाटाच्या बोऱ्यांनी बुजवली. घोडीच्या पायाखाली धानाचा पेंढा, आमच्याकडची तणीस, वरच्या माळ्यावरून ओढून गुडघाभर अंथरली. संध्याकाळी वरून कडुनिंबाचा धूर. कोठा असा ऊबदार झाला की मलाच तिथं मुक्कामाला जावंसं वाटे.

घोडी मात्र खंगत चालली. नाकपुड्या फुगलेल्या, आणि श्वास सोडताना तिचं पोट दोन-दोनदा आत ओढलं जाई. पवनीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी औषधाची पूड दिली आणि हवा खेळती ठेवा म्हणून बजावलं. ते मी ऐकलं नाही असं नाही. मला वाटलं, हा सल्ला निरोगी घोड्यांसाठी असेल.

शेवटी एका सकाळी काकाजी म्हणाले, "टांगा झाकून ठेव. तिले नाई जुंपत आता मी. माह्यासाठी तिचा जीव कायले घ्याचा?"

त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. काकूनं ताट झाकलं आणि ती माझ्याकडं वळली.

"मास्तर, घोडी खोकलते कवा?"

"सर्दीच ती काकू, केव्हाही खोकणार."

"केव्हाही नाई. तू माळ्यावरून तणीस ओढली का खोकलते. टांग्याले होती तवा रस्त्यानं एकदा तरी खोकलली का? मी पाहून राहिली ना पंधरा दिवसापासून."

काकू शाळेत गेलेली नव्हती. तिनं दोन बादल्या भरल्या. एक कोठ्यात ठेवली, एक परसातल्या चिंचेखाली. दुपारी मला हात धरून नेलं. चिंचेखालचं पाणी स्वच्छ होतं. कोठ्यातल्या पाण्यावर मात्र दुधावर साय धरावी तशी धूळ धरलेली.

"हे कोनाच्या छातीत जाऊन राहिलं, सांग बरं, बीएस्सी?"

इतका सोपा प्रयोग मी पुस्तकातही पाहिला नव्हता.

खरी लढाई पुढंच होती. कोठ्यावरचा भरलेला माळा म्हणजे आमच्याकडं घराची अब्रू. काकाजी उसळले, "आजानं तणीस माळ्यावर भरली, बापानं भरली. बाहेर टाकली तं लोक म्हनतील, यंदा याईच्या घरी काई पिकलंच नाई!"

"म्हनू द्या ना जी. ते लोक येतील का तुमाले बांधीवर उचलून न्याले?"

काकाजींनी काठीनंच मला माळ्याकडं खूण केली.

माळा काकूनं आणि मी उतरवला. काकूनं तोंडाला पदर बांधला होता. मी पदवीधर, उघड्या तोंडानं. दोन दिवस असा खोकलो की काकाजी ओसरीवरून ओरडले, "बांधा वं यालेही चिंचेखाली!" कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

खिडकीतले बोरे निघाले. तणशीच्या जागी नदीची वाळू आली. दिवसभर घोडी चिंचेखाली. तणीस पाण्यात बुडवून, निथळून मगच तिच्यापुढं यायची, तीही जमिनीवर. "मान खाली असली का नाक वाहून जाते. लेकराचा शेंबूड कसा काढतोस तू?" असं काकू मला, बिनलग्नाच्या माणसाला, विचारायची. महिनाभर तिनं हे एक वेळही चुकवलं नाही. भाताचं आधण राहिलं तर राहिलं.

आधी खोकला विरळ झाला, मग पोटाचा भाता शांत झाला. धुकं पडलं की ती थोडी खोके, तेवढं शेवटपर्यंत राहिलं. एका सकाळी काकाजींनी स्वतःच टांगा जुंपला आणि बांधीवर जाऊन आले. परतल्यावर उतरलेच नाहीत. घोडीच्या श्वासाकडं कान लावून बसून राहिले. मग आत बघून म्हणाले, "न खोकलता चालली वं." काकूनं भिजवलेली तणीस घोडीपुढं टाकली.

पुढल्या साली आमची तणीस परसातच रचली गेली. शेजाऱ्यानं विचारलं, "काहून जी, माळा रिकामा?"

"आमच्या घरी डॉक्टर आहे," काकाजी ऐटीत म्हणाले.

शेजाऱ्यानं आदरानं माझ्याकडं पाहिलं. मीही, खोटं कशाला सांगू, थोडा ताठ बसलो. तेवढ्यात आतून काकूचा आवाज आला, "मास्तर, बादली भरून आन!"

मी उठलो आणि भरून आणली.