दिराच्या हीटरचा धूर

डेपोत तिला सगळे 'धुराची बाई' म्हणत, अगदी तोंडावर. तिनं कधी राग धरला नाही. राग धरायलाही अंगात जोर लागतो. बसच्या पोटाखालच्या डिझेल हीटरच्या नळीला हातपंप लावायचा, धूर पांढऱ्या कागदी पट्टीतून ओढायचा आणि पट्टीवरचा डाग कार्डावरच्या करड्या छटांशी ताडून पाहायचा. फिकट तर पास, गडद तर हीटर बंद. नवे हीटर घ्यायला साहेबांचा हात आखडतो आणि ड्रायव्हरांच्या शिव्या खायला उभी केलीय हिला!

त्या सकाळी रांगेत दिराची बस आली. दोन फेऱ्यांच्या मधे तो हीटर लावून बसमध्येच झोपायचा. अर्धवट जळलेल्या डिझेलचा वास त्याच्या स्वेटरला रोज यायचा. तोच धूर हा झोपेत छातीत भरून घेतोय, या विचारानं तिची झोप उडाली होती.

डाग मात्र फिकट आला. नको इतका फिकट. तिनं नाक फेंदारलं.

"हीटरच्या टाकीत काय ओतलंस?"

"डिझेल, वहिनी. दुसरं काय?"

"मला शिकवतोस? तपासणीपुरतं रॉकेल ओतलं की धूर गोरा होतो, हे इथल्या कावळ्यांनाही ठाऊक आहे."

"आजच्या दिवस डोळेझाक कर ना. गारठून मरेन गं."

"आणि झोपेत गेलास म्हणजे? कर रिकामी टाकी."

मागचा ड्रायव्हर खेकसला, "अहो बाई, घरची भांडणं घरी! आमचा नंबर कधी?"

दिरानं धुसफुसत टाकी उपसली, डिझेल भरलं. ज्योत स्थिर होईपर्यंत ती थांबली, मग पंप ओढला. डाग तव्याच्या बुडासारखा. तिनं हीटरचा फ्यूज काढून खिशात टाकला. दीर कानटोपी ओढून, तिच्याकडे न बघता बस घेऊन गेला. आत प्रवासी कुडकुडत तिच्या नावानं बोटं मोडत होते.

संध्याकाळी ती घरी पोचली तर सासूबाई दारातच.

"पोरगं निळं पडून आलं. न जेवता आडवं झालंय. परक्याचा हीटर सोडला असतास?"

"नाही."

"मग घरच्याचा तरी सोडायचास!"

ती उंबऱ्यावरच टेकली. आतल्या खोलीत दीर मोठ्यानं घोरत होता. बूट न काढता ती तेवढंच ऐकत बसली.