लीड्समधल्या चिनी डॉक्टरीणबाई

त्या वर्षी मी फार दमलेली होते. दोनदा आयव्हीएफ करून झालं होतं, दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं, आणि तिसऱ्यांदा करायचं का, हा विषय मी आणि नवरा दोघंही टाळत होतो. मी छत्तीस वर्षांची. लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. नवरा तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हाडांचा डॉक्टर, अजून रजिस्ट्रार म्हणजे सीनियर सर्जनच्या हाताखाली. पाळीच्या दिवसांत तो घरी यायचा तेव्हा मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून सोफ्यावर पडलेली असायचे. गर्भाशयाच्या आतलं अस्तर माझ्या बाबतीत बाहेरही वाढत होतं. त्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात हे कळायलाच नऊ वर्षं गेली होती.

आमच्या वॉर्डातली एक आयरिश सिस्टर एकदा चहा पिताना म्हणाली, "माझ्या बहिणीला त्या चायनीज बाईंनी आराम दिला. जाऊन तर बघ." मी हसले. माझ्या कामाचा एक भागच असा होता की पेशंटच्या खाटेशी उभं राहून विचारायचं, घरगुती, आयुर्वेदिक, चायनीज असं काही घेता का? आणि 'हो' म्हणाले की ते सध्या बंद ठेवा, असं गोड शब्दांत सांगायचं. तरी दोन महिन्यांनी मी गेले. हुशारीने विचार करून गेले असं म्हणणं खोटं होईल. विचार करायचाच कंटाळा आला होता.

दुकान लाँड्री आणि चिप्सच्या दुकानाच्या मधे होतं. भिंतभर लाकडी खण, आणि मागे एक छोटी खोली, तिच्यात उंच पलंग. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले. इंग्लिश तुटक होतं पण घाई नव्हती. त्यांनी माझं मनगट तीन बोटांनी धरलं, जीभ बघितली, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रक्ताचा रंग कसा, गाठी पडतात का, पाय गार असतात का, झोप कधी मोडते, रडू कधी येतं. नऊ वर्षांत इतक्या अपॉइंटमेंट झाल्या, पण रडू कधी येतं हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "गाडी पार्क केल्यावर. उतरायच्या आधी." त्यांनी तेही चिनी अक्षरांत लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, "मूल होईल असं मी सांगत नाही. दुखणं कमी करायचा प्रयत्न करू."

त्यांनी सुयांबरोबर मुळ्यांचा काढा सुचवला, तेव्हा मी त्यातल्या प्रत्येक मुळीचं लॅटिन नाव मागितलं. त्यांना राग आला नाही. उलट, बारीक अक्षरांत यादी करून दिली आणि म्हणाल्या, "लिव्हरची टेस्ट करून घ्या. आधी एकदा, महिन्याने एकदा." ते ऐकून मला जरा लाज वाटली, कारण मी हेच सांगणार होते.

काढा तासभर उकळायचा. दालचिनी, सुकी संत्र्याची सालं आणि आलं मी ओळखलं, पण बाकीच्या मुळ्यांचा वास असा की नवरा ऐन नोव्हेंबरात घरभर खिडक्या उघडायचा. एकदा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझ्या पेशंटला सांगशील का हे प्यायला?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही रे. आठवड्यातून एकदा मला कुणीतरी नीट विचारतंय, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून गॅसवर पातेलं तोच ठेवायला लागला.

दर गुरुवारी दुपारी मी जायचे. बाई पोटरीत, पोटावर सुया टोचायच्या, वरून दिव्याची ऊब सोडायच्या आणि निघून जायच्या. पहिल्या पाच मिनिटांतच मला झोप लागायची. कधीतरी दोघी थोडं बोलायचो. एकदा मी विचारलं, "तुम्ही हे कुठे शिकलात?" तेव्हा कळलं की त्या त्यांच्या देशात अठरा वर्षं सरकारी हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या नोकरीमुळे इथे आल्या. इथल्या परीक्षा द्यायला इंग्लिश पुरलं नाही, मग वय निघून गेलं. दारावरच्या पाटीवर 'डॉक्टर' लावलेलं नव्हतं. "इथे मी दुकानवाली," असं म्हणून त्यांनी माझ्या पायावर पांघरूण ओढलं.

पाचव्या महिन्यात पाळी नऊ दिवस पुढे गेली. टेस्टवर दोन रेघा आल्या. मी बाथरूमच्या फरशीवर बसले आणि नवऱ्याला हाक मारायच्या आधी त्या रेघा पुन्हा मोजल्या. बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाल्या, "काढा आजपासून बंद. जीपीकडे जा. स्कॅन लवकर मागा." जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, पुढच्या आठवड्याचा स्कॅन ठरवला. आईला पुण्याला आम्ही कळवलं नाही. दोनदा कळवून पस्तावलो होतो.

त्या गुरुवारी मी नुसती भेटायला म्हणून गेले. सकाळपासून उजवीकडे खाली दुखत होतं, पण मला दुखण्याची इतकी सवय झाली होती की त्याकडे लक्ष द्यायचं मी सोडून दिलं होतं. बाई मनगट धरणार तेवढ्यात मी खांदा चोळला. त्यांचा हात थांबला.

"खांदा दुखतो?"

"काल औषधांची खोकी उचलली ना, म्हणून असेल."

"पोट एका बाजूला?"

"हो. पण नेहमीचंच…"

त्या उठल्या. बाहेर एक म्हातारी गिऱ्हाईक बसली होती, तिला उद्या यायला सांगितलं, दाराला कुलूप घातलं आणि रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली. मी म्हणत होते की स्कॅन सोमवारी आहे. त्यांनी मान हलवली. "आत रक्त जातंय. खांद्याला कळ येते ती त्याची." हे मी फार्मसीच्या अभ्यासात वाचलेलं होतं. दुसऱ्या कुणी बाईने असं दुखणं सांगितलं असतं तर मीच तिला धावत पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र मी खोक्यांना दोष देत बसले होते.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, ए अँड ईमध्ये, गर्दी होती. तोपर्यंत मला घाम फुटला होता आणि समोरचं पुसट दिसायला लागलं होतं. काउंटरवरच्या नर्सला बाई सांगत होत्या, "सहा आठवडे, उजव्या नळीत, आत्ता बघा." नर्सने त्यांच्या कोटाकडे, हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नंतर म्हणाल्या, "माझं… दुकान आहे."

मी काउंटरला धरून उभी होते. मी म्हणाले, "त्या डॉक्टर आहेत. गायनॅकॉलॉजिस्ट."

पुढचं सगळं भराभर झालं. दीड तासात मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. गर्भ नळीतच वाढला होता आणि नळी फाटली होती. ती काढावी लागली. दुसरी नळीही चिकटलेली आहे, हे तरुण सर्जनबाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या पलंगावर बसून सांगितलं. काढ्याबद्दल मी आपणहून बोलले. त्यांनी यादी नीट उतरवून घेतली. संबंध आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही, म्हणाल्या. मला ते पटलं. तुमचा आजार पाहता हा धोका आधीपासून होताच, असंही त्यांनी सांगितलं.

नवरा खुर्चीत बसला होता. गळ्यात अजून त्याच्या हॉस्पिटलचा बिल्ला. तो म्हणाला, "आता बास करूया का गं?"

"हो," मी म्हणाले. इतकी वर्षं ज्याची भीती वाटत होती तो निर्णय दोन वाक्यांत झाला. त्याने डोळे पुसले. मला रडू आलं नाही, नुसती झोप आली.

आठवड्याने आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, अजून एकदा बघा की." मी म्हणाले, "नाही आई. आता नाही." मग तिने विचारलं, "जेवलीस का?" त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही. तिला ते किती जड गेलं असेल, हे मी बरंच नंतर ओळखलं.

बरी झाल्यावर बाईंकडे आभार मानायला गेले. त्यांनी चहा केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या स्वतःबद्दल जास्त बोलल्या. तिकडे त्यांच्या वॉर्डात दुसऱ्या मुलाची सरकारी परवानगी नसलेल्या बायका यायच्या. "अठरा वर्षं माझं बरंचसं काम मुलं थांबवण्याचं होतं," त्या म्हणाल्या. "रडणाऱ्या बायकांशी बोलायला वेळ नसायचा. म्हणून इथे जास्त विचारते." मी कप धुऊन ठेवले.

पुढे तीन वर्षं मी महिन्यातून एकदा जात राहिले. काढा पुन्हा घेतला नाही, फक्त सुया. दुखणं थोडं कमी झालं. सुयांनी झालं, की आशा सोडल्यावर शरीर सैल पडलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा खण अर्धे रिकामे होते. मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मँचेस्टरला मुलीला बाळ झालंय, तिकडे राहायला चालल्या आहेत. महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. बाकीच्या सगळ्यांना माहीत होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "बाळाचं तुम्हाला कसं सांगू, कळेना."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे ही. मुलगा की मुलगी?"

"मुलगी." त्यांनी फोटो काढून दिला. दाट काळे केस, मुठी मिटलेल्या. मी तो बराच वेळ पाहिला, आणि आपल्याला त्रास होत नाहीये, किंवा होतोय तो सोसण्याइतकाच आहे, हे लक्षात आलं. मी फोटो परत दिला. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. या वेळी नाडी बघायला नव्हे. मग मी बस पकडून दुपारच्या शिफ्टला गेले.