खिडकीतला घेवडा

त्याला सगळे पंपदादा म्हणत. औषधाचा पंप पाठीला अडकवून लोकांच्या शेतात फवारणी करणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पानाच्या खालच्या अंगालाही थेंब पोचवावा तो त्यानंच. फवारणी झाली की शेत कसं चिडीचूप होई. ती शांतता म्हणजे त्याला आपल्या कामाची शाबासकी वाटायची.

एकदा भरलेला पंप घेऊन ओल्या बांधावरून उतरताना त्याचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. बायको घरीच शिवणकाम करायची. तिनं मशीनच्या खोलीत, मागच्या खिडकीला लागून त्याची खाट टाकली. "डोळ्यांसमोर राहाल. नाहीतर कुबड्या घेऊन पळाल," म्हणाली. खिडकीबाहेर तिनं लावलेला घेवडा गजांना धरून वर चढला होता.

थोड्याच दिवसांत घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, बसला. काळे तीळ सांडावेत तसा. पंपदादाचे हात शिवशिवले.

"अगं, पंप आण जरा. दोन मिनिटांचं काम आहे."

"खाटेवर बसून फवारणार? गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत खोलीभर. आणि माझा खोकला?"

"घेवडा जाईल हातचा."

"जाऊ दे. घेवडा बाजारात मिळतो, फुप्फुसं नाही मिळत."

तो भिंतीकडे तोंड फिरवून पडला. पण भिंतीकडे माणूस बघून बघून किती वेळ बघणार!

मग एके सकाळी माव्यात त्याला एक अळी दिसली. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके आणि बारीक काटे; एवढीशी मगरच म्हणा. "झालं! दुष्काळात तेरावा महिना," तो पुटपुटला. असल्या अळ्या त्यानं शेतोशेती पाहिल्या होत्या आणि त्यांचं सोंग बघूनच त्या पिकाच्या वैरिणी ठरवून टाकल्या होत्या. चिरडायला त्यानं गजांतून हात घातला, पण पायाचं ओझं हलेना आणि बोटं पोचेनात. नाइलाजानं बघत बसला. अळीनं एक मावा तोंडात धरला, रस पिऊन चोथा टाकावा तसं त्याचं साल टाकलं, आणि लगेच दुसरा धरला.

पंपदादा ताडकन उठून बसला. "अगं ए, तुझं ते सुई ओवायचं भिंग दे इकडे!"

"आता काय कशिदा काढताय?"

"दे तर!"

त्यानं भिंगातून बघितलं. मघाशी जे नुसते काळे ठिपके होते, त्यांच्यात एक अख्खं गाव नांदत होतं. काही मावे फुगून सोनेरी झाले होते, हलत नव्हते. त्यातल्या एकाच्या पाठीवर गोल झाकण उचललं गेलं, डब्याचं उचलावं तसं, आणि आतून मुंगीहूनही बारीक अशी एक काळी माशी बाहेर आली. तिनं पंख पुसले आणि शेजारच्या जिवंत माव्याकडे वळून शेपूट पोटाखालून पुढे काढत त्याला टोचलं. अंडं घातलं होतं तिनं! तिच्या लेकराचं घर आणि शिदोरी दोन्ही तोच मावा होता. पंपदादानं श्वास रोखून धरला होता. आपल्या फुंकरीनं हे सगळं उडून जाईल अशी त्याला भीती वाटली.

ती काट्यांची अळी काही दिवसांनी खिडकीच्या गजालाच चिकटून बसली. आवळून गोळा झाली. आणि एका दुपारी तो गोळा उकलला.

"अगं, लवकर ये!"

बायको ओठांत दोरा धरून तशीच आली. गजावर एक भुंगेरा होता, पिवळाधमक, मऊ, एकही ठिपका नसलेला. दोघं बघत राहिली. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही लोंबत होती. हळूहळू पाठीवर लाल रंग चढला, आणि पाण्यातून वर यावेत तसे काळे ठिपके उमटत गेले.

"अहो, हा तर आपण लहानपणी तळहातावर चालवायचो तो!" ती म्हणाली.

"आणि ती अळी म्हणजे याचंच पोर," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण भुंगेऱ्याचं कौतुक केलं आणि पोरांवर औषध मारलं."

आता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. फवारलेल्या शेतातून महिनाभरात पुन्हा बोलावणं यायचं, मावा आधीपेक्षा दाट झालेला असायचा. माव्याची जातच निर्लज्ज, असं तो म्हणायचा. मावा तर भराभरा विणारा. त्याला खाणारे मात्र मेले की सावकाश परतणारे. रान रिकामं मिळाल्यावर तो का नाही माजणार!

पाय बरा झाल्यावर पहिलं काम कोबीवाल्याचं आलं. पंपदादानं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. सोनेरी फुगे होते. त्या काटेरी मगरीही होत्या.

"आज नको मारू या," तो म्हणाला.

कोबीवाला हसला. "डोक्यावर पण पडला होतास की काय?"

"इकडे या. बसा खाली." पंपदादानं खिशातून बायकोचं भिंग काढलं.

कोबीवाला कुरकुरत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तो उठलाच नाही. "अरे बापरे," एवढंच म्हणाला. "हे सगळं माझ्या शेतात?"

"तुमच्याच."

कोबीवाला रोज सकाळी पानं उलटून फोन करायचा, कधी आनंदात, कधी शिव्या देत. कडेचे काही गड्डे गेलेच. बाकीचे मात्र भरले, आणि त्या हंगामात तिथे पंप लागला नाही. सगळ्यांनी असं ऐकलं नाही. काही जणांनी दुसरा फवारणीवाला गाठला. पंपदादानंही पंप मोडीत काढला नाही. जिथे खाणारे दिसत नसत आणि पीक खरंच हातचं जात असे, तिथे तो तेवढ्याच ओळीवर मारायचा. पण पान उलटल्याशिवाय पंपाचं झाकण म्हणून उघडायचा नाही. "हल्ली काम कमी आणि बघणंच जास्त," बायको म्हणायची आणि तो मान डोलवायचा.

एकदा घरी येताना कोथिंबिरीच्या फुलाऱ्याशी एक पट्ट्यापट्ट्यांची माशी त्याच्या नाकासमोर हवेत खिळल्यासारखी थांबली. ना पुढे, ना मागे. ही कोण, काय खाते, त्याला ठाऊक नव्हतं. पाठीवर भरलेला पंप घेऊन तो तसाच उभा राहिला, ती हलेपर्यंत.