फ्रिज नेणारा मेहुणा

भंगारभाऊ कुणाच्याही घरातली मोडकी वस्तू उचलायच्या आधी तिच्या पाया पडायचा. टीव्ही असो, नाहीतर सोफा. म्हणायचा, "इतकी वर्षं राबलीय. फेकायची नाही, नीट पोचवायची." आमची अख्खी वाडी त्यावर भुलली. मी सगळ्यात जास्त.

माझ्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती यालाच ओवाळायची. ओवाळणीत एकच मागायची, वाडीतलं काही पऱ्यात टाकायचं नाही. त्या ओढ्याचं पाणी झिरपून आमच्या विहिरीला येतं. तो सांगायचा, ताई, मिरजोळ्याला असल्या यंत्रांचं केंद्र आहे, तिथं फ्रिजातला वायू रीतसर काढून घेतात, मी स्वतः नेतो. बढाईखोर होताच. पण ती गेली तेव्हा खांदा त्यानंच दिला. ते खोटं नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

तिच्यामागून फ्रिजही बंद पडला. दर दसऱ्याला ती त्याच्या दारावर हळदकुंकवाची बोटं ओढायची, कुणाला पुसू द्यायची नाही. मला ती बघवेनात. भंगारभाऊला बोलावलं. तो पाया पडला, डोळे टिपले, फ्रिज टेम्पोत घालून गेला.

मग एकदा म्हैस शोधत पऱ्याला उतरलो. पाण्यात फ्रिज आडवा. मोटर आणि तांब्याच्या नळ्या उपटलेल्या, दारावर तिची बोटं. आसपास वाडीतल्याच गाद्या, टीव्हीची खोकी. विकण्याजोगं काढलेलं, उरलेलं पाण्यात.

तसाच त्याच्या दारात गेलो. तो लाजलासुद्धा नाही.

"भावोजी, मोटर काढलेला फ्रिज तिकडं नेला की चार प्रश्न विचारतात. आणि ताई आता थोडीच बघायला येतेय?"

म्हटलं, पाणी तर मी पितो ना रे. तो तंबाखू मळत बसला.

शेजाऱ्यांना घेऊन फ्रिज वर काढला, गाडी करून मीच मिरजोळ्याला दिला. बाकीच्या घाणीसाठी ग्रामपंचायतीत त्याचं नाव घेऊन सांगितलं. नाव घेताना जीभ अडखळली.

तिच्या वर्षश्राद्धाला त्याला बोलावणं नव्हतं. तरी आला, धुतलेला सदरा घालून. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, वाढ. आणि माझं पान उचलून पडवीत नेऊन बसलो.

आत तो सुनेला ताईच्या गोष्टी सांगत होता. मी पडवीतून ऐकत राहिलो. तिच्या माहेरचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच एक माणूस उरलं होतं.