दाराजवळची तीन फूट जागा

नांदुऱ्यात टेबल टाकून मी भाडेपत्रं लिहून देतो. कागद दोनच पानांचा, पण सही करायला आलेला माणूस एखादा किस्सा ठेवून जातोच! टेबलाला कप्पा एकच, किस्से ठेवायचे कुठे?

*

एका भाडेकरूने मागची खोली परस्पर दुसऱ्याला दिली. मालक त्याला माझ्यासमोर घेऊन आला.

"न विचारता पोटभाडेकरू ठेवला यानं!"

"भाडेकरू नाही जी, पाहुणा हाय."

"कधी आला पाहुणा?"

"झाले असतीन चार वर्षं!"

*

तेव्हापासून एक कलम मी मोठ्याने वाचतो. पोटभाडेकरूसाठी मालकाची लेखी परवानगी हवी, आणि नुकसान झालं तर मूळ भाडेकरू जबाबदार. हे ऐकून भलेभले पेन खाली ठेवतात.

वसंतकाका टेलर मात्र वेगळेच! नजर अधू झाली म्हणून त्यांनी भाड्याचं दुकान वैशाली नावाच्या मुलीला झेरॉक्ससाठी पोटभाड्याने दिलं. मालक गुरुजींनी परवानगी दिली. काकांनी ते कलम मला तीनदा वाचायला लावलं.

"म्हंजे शिलाई सुटली तरी दुकानाची जबाबदारी माहीच ना?"

"हो."

"मंग सांगा, सही कुठं करू?"

*

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी नऊला हजर! शटर उघडायचं, झाडायचं, दाराजवळच्या बाकावर बसायचं. एकदा बोर्ड लावताना वैशालीकडून भिंतीचा गिलावा पडला. काकांनी सिमेंट आणून स्वतः लिंपला.

"काका, मी केलं असतं ना!"

"करारात पयलं नाव माहं हाय, पोरी."

मी झेरॉक्स काढायला गेलो होतो; आम्ही तिघंही खूप हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, माणसाला सकाळी जायला एक ठिकाण लागतं. काकांना ते एका कलमाने दिलं होतं.

*

परवा गुरुजी दोघांना घेऊन आले.

"वसंतराव, या वयात कशाला कटकट? करार थेट वैशालीच्या नावाने करू. तुम्ही मोकळे!"

गुरुजींचा हेतू चांगलाच होता. काका "हाव" म्हणाले आणि खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटलं.

वैशालीने कागद वाचला. "गुरुजी, मले पोटभाडेकरू ठेवाची परवानगी पाह्यजे. लेखी."

"किती जागेसाठी?"

"दाराजवळची तीन फूट. बाकापुरती."

गुरुजींनी काकांकडे पाहिलं आणि मान हलवली. मी कलम लिहिलं.

काकांनी किल्ली उचलली. "नुकसान झालं तं जबाबदार कोन?"

"मी," वैशाली म्हणाली.

काका गंभीर झाले. "मंग नीट बसा लागन मले!"